इंग्रजीत चालेल, मराठीत नको!

संपादक महोदय,

ठाण्यातल्या एका प्रदर्शनात लावलेला माझा वुडकट (लाकडी फळीत कोरून कागदावर छापलेलं चित्र) उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी उतरवायला लावला. ओट्यापाशी पाठमोरा, उघड्या अंगाने उभा पुरुष आणि खाली ओळ: 'हे अजून आले नाहीत.' उघड्या अंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. खटकली ती ओळ. "चित्र झकास आहे हो, पण पुरुषाच्या तोंडी 'हे'? लोक मुलाबाळांना घेऊन येतात. ओळ काढा, नाहीतर इंग्रजीत टाका," असं एका ज्येष्ठ आयोजकांनी अगदी प्रेमाने सुचवलं.

ओळ काढा म्हणणं सोपं आहे. ती नंतर लिहिलेली नाही. त्याच सागवानी फळीत, आरशात दिसावी तशी उलटी कोरलेली आहे. भोवतीचं लाकूड पटाशीने काढत गेलं की अक्षर उंच राहतं, शाई त्यालाच लागते. शिरोरेषा लाकडाच्या रेषांबरोबर जाते म्हणून तग धरते. काना त्यांना छेदतो, हात जरा हलला की टवका उडतो. खांद्यापाशी फळीतली गाठ आली, ती तशीच ठेवली. माझ्या पाठीवर तिथे चामखीळ आहेच! आता ओळ तासली तर कागदावर पांढरा पट्टा उमटेल आणि इथे काय होतं, हे जो तो विचारेल.

चित्रात शब्द कशाला, असंही कुणी म्हणालं. जर्मन चित्रकार केथे कोलविट्झ यांनी मारले गेलेले समाजवादी नेते कार्ल लीबक्नेश्ट यांच्या स्मरणार्थ केलेल्या गाजलेल्या वुडकटमध्ये तळाशी वाक्यच कोरलेलं आहे. आणि आपले चित्रकार भूपेन खख्खर यांचं नाव निघालं की हीच मंडळी माना डोलावतात. त्यांनी तर 1980च्या दशकातच पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम उघड रंगवलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018च्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाची टांगती तलवार गेली. तेव्हापासून 'गे', 'क्वीअर' हे शब्द नौपाड्यातही कानावर पडतात, कुणी दचकत नाही. ते तिकडच्या मुंबईतले वाटतात ना! 'हे' मात्र थेट स्वयंपाकघरात शिरतं. माझी आई जन्मभर वडिलांना 'हे'च म्हणत आली. मी माझ्या माणसासाठी दुसरा शब्द कुठून आणू?

प्रवेशिकेत फ्रेमच्या मापाची अट असते. पुढच्या वेळी कोणती मराठी वाक्यं चालणार नाहीत, तेही तिथेच छापावं, ही विनंती. फळी कोरायला घेण्याआधी कळलेलं बरं. सागवान काही स्वस्त नाही.

– एक मुद्राचित्रकार, नौपाडा, ठाणे (प.)