ताई, ‘१९०० घालून बघ’ म्हणालीस त्याबद्दल

ती. ताईस,
स. न. वि. वि.

आभार फोनवर मानता आले असते. पण फोनवर तू दोन वाक्यांत विषय बदलतेस, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मला प्रोग्रामिंग शिकवलं ते शेजारच्या ताईनं, हे माझ्यासोबत काम करणाऱ्यांना कळायला हवं.

लोक विचारतात, लहानपणी घरी कॉम्प्युटर होता का? नव्हता. शाळेत होता, पण बहुतेक वेळ कव्हरखाली. आम्ही त्याच्या भागांची नावं पाठ केली, चित्र काढून त्यांना बाण दाखवले आणि मार्क मिळवले. तो चालतो कसा, हे मला पहिल्यांदा कळलं ते तुझ्या खोलीत, तुझ्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर.

तू पान आडवं धरलंस आणि रकाने आखलेस. पहिल्यात ओळीचा क्रमांक, दुसऱ्यात ‘आय’ म्हणजे मोजणीचा आकडा, तिसऱ्यात बेरीज. वर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेतला चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहिलास आणि म्हणालीस, “आता कॉम्प्युटर तू. ओळ सांगेल तेवढंच करायचं. मनाचं काही घालायचं नाही.” मी एकेक ओळ वाचत रकाने भरत गेले. आय १, बेरीज १. आय २, बेरीज ३. मग ६, मग १०. शेवटी ५५ आले. एक ते दहाची बेरीज मला आधीही येत होती. पण त्याच ओळी दहा वेळा फिरून ती स्वतः करतात, हे त्या रकान्यांत डोळ्यांसमोर घडलं. यालाच ड्राय रन म्हणतात, हे तू नंतर सांगितलंस.

ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक का, असं मी विचारलं होतं. “मधे ओळ घालायची वेळ येतेच,” एवढंच म्हणालीस. पुढे हेही सांगितलंस की केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक तयार केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. मला ते फार आवडलं होतं. कुणीतरी आपला विचार करून ठेवलाय असं वाटलं.

तरी खरं मशीन कधी मिळणार ही भुणभुण मी लावलीच. तेव्हा तू कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगची गोष्ट सांगितलीस. त्यानं बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम रचला, पण तो चालवू शकेल असं मशीनच हाताशी नव्हतं. मग १९५२ मध्ये तो स्वतः कागद घेऊन बसला, प्रत्येक चालीचं गणित प्रोग्रामप्रमाणे हातानं केलं आणि एका सहकाऱ्याशी अख्खा डाव खेळला. प्रोग्राम हरला. “पण चालला ना?” तू म्हणालीस. त्यानंतर माझी भुणभुण थांबली.

मग तुझी बदली झाली. इथे सगळं संपलं असतं. तू मात्र सांगून गेलीस की प्रोग्राम लिहून पोस्टानं पाठवत जा. मी पाठवायचे, आणि ती पानं परत यायची. त्या पानांविषयी मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण माझी सगळी नोकरी त्यांवर उभी आहे.

लीप वर्ष ओळखायचा प्रोग्राम घे. मी लिहिलं, चारनं भाग गेला तर लीप. पान परत आलं. ना खोडलेलं, ना बरोबरची खूण. समासात तीनच शब्द: ‘१९०० घालून बघ.’ मी घातलं, लीप आलं. शाळेच्या ग्रंथालयात जाऊन शोधलं तर १९०० लीप नव्हतं, शंभरनं भाग जाणारी वर्षं वगळतात. मी तशी अट घातली आणि पान पुन्हा धाडलं. या वेळी समासात एकच आकडा: २०००. चारशेनं भाग गेला तर ते वर्ष पुन्हा लीप धरायचं, हे तेव्हा कळलं. पूर्ण नियम तुला एका ओळीत लिहून देता आला असता. तू तो दिला नाहीस. माझं उत्तर कुठे मोडतं तो नेमका आकडा दिलास. एवढ्या लांबून, पत्राची वाट बघत, एका शाळकरी मुलीसाठी इतका धीर कोण धरतं, ताई?

पुढे एकदा ऑफिसात कळलं की एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आजही खरी मानतं. एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या तशाच प्रोग्राममध्ये १९०० लीप धरलं होतं, आणि त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलनंही तसंच ठेवलं. तुझं समासातलं वाक्य त्या दिवशी मी टीममधल्या सगळ्यांना सांगितलं.

आपली पत्रं चालू होती त्याच वर्षांत तू वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताच कॉम्प्युटरच्या तारखा चुकू नयेत यासाठीच्या, कामात बुडालेली होतीस. कोबोल या भाषेतले जुने प्रोग्राम, त्यांत वर्षाला दोनच अंकांची जागा, म्हणजे ०० आलं की १९०० की २००० ते कळायचं नाही. मी जरा तोऱ्यात विचारलं होतं की आधीच्या लोकांना एवढं कळलं नाही का. तू त्यांची बाजू घेतलीस. भोकं पाडून माहिती नोंदवायच्या पंच कार्डावर ऐंशी रकाने, त्यात माणसाची सगळी माहिती बसवायची, मेमरी महाग. दोन अंक वाचवणं तेव्हा शहाणपणाचंच होतं. दुसऱ्याचा जुना कोड वाचताना नावं ठेवायच्या आधी तो कोणत्या अडचणीत लिहिला गेला ते बघायचं, हे मी तिथे शिकले. १ जानेवारी २००० शांतपणे उजाडला आणि लोक म्हणू लागले, उगाच बाऊ केला होता. मला फार राग आला होता. तुझ्या कित्येक रात्री गेल्या होत्या म्हणून तर काही झालं नाही! तू म्हणालीस, “काही झालं नाही ना? मग काम झालं.” तरीही त्या कामाचे जाहीर आभार कुणी मानले नाहीत, हे मला आजही खटकतं. निदान मी तरी मानते.

बारावीनंतर इंजिनिअरिंग जमलं नाही. गणित घेऊन बीएस्सी केलं आणि संध्याकाळच्या कॉम्प्युटर कोर्सला जायचं ठरवलं. घरात प्रश्न फीचा होता आणि ‘हिला यात नोकरी लागेल का’ हाही होता. तू येऊन बाबांशी बोललीस. काय बोललीस ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फी भरली गेली. हे ऋण मी धरून आहे.

पहिल्या मुलाखतीत समोर कॉम्प्युटर नव्हताच. एक छापील कागद, त्यावर वीसेक ओळी, आणि प्रश्न: यात चूक कुठे? मी पेनानं रकाने आखले. बाकी सांगायला नको.

नोकरी टेस्टिंगची लागली. आसपास काहींना ते दुय्यम काम वाटायचं. मला ते तुझंच काम वाटलं. यादी रिकामी असेल तर? एकच नोंद असेल तर? शेवटची तारीख दिली तर? ऋण आकडा आला तर? मोडणारे आकडे शोधायची सवय तू लहानपणीच लावली होतीस. तिथूनच मला प्रोग्रामिंगकडे वळवण्यात आलं आणि मी तिथे रमले.

आता तुला आवडेल अशी बातमी. आमच्या टीमकडे २०३८ चं काम आलंय. जुन्या सिस्टिममध्ये वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, आणि ते ठेवायला ३२ बिटांची जागा. तिच्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ च्या पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी ती भरते, आणि पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाते. ६४ बिटांची जागा दिली की प्रश्न मिटतो, पण तो बदल प्रत्येक फाइल, प्रत्येक टेबल आणि दुसऱ्या सिस्टिमशी होणाऱ्या प्रत्येक देवाणघेवाणीत करावा लागतो. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीनं परवा तारखा बदलणारा कोड तपासायला दिला. मी शेऱ्यात फक्त एक तारीख लिहिली. अर्ध्या तासात ती स्वतःच दुरुस्ती घेऊन आली, आणि असा आनंदी चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

एका ठिकाणी मात्र मी अडलेय. वायटूकेच्या वेळी चार अंक करायला जागा नव्हती तिथे तुम्ही खिडकी लावायचात, म्हणजे ०० ते ४९ आलं की २००० च्या पुढचं आणि ५० ते ९९ आलं की १९०० च्या पुढचं धरायचं. आम्हाला मिळालेल्या जुन्या फायलींत अशा खिडकीतून गेलेल्या आणि न गेलेल्या नोंदी एकत्र आहेत, आणि कागदपत्रं काहीच नाहीत. तुम्ही त्या वेगळ्या कशा ओळखायचात? रविवारी सकाळी फोन करते. वेळ काढून ठेव, आणि या वेळी निदान आभाराची वाक्यं पूर्ण होईपर्यंत विषय बदलू नकोस.

तुझी,
शेजारची धाकटी