पुढे सरकवलेले जंगल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल “असले जुनेपुराणे काही सईला दाखवत जाऊ नकोस” असे म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हा राग आला होता; आता नाही, म्हणून लिहिते आहे.

सई रात्री घाबरून उठली, हे खरे. पण १९३७ सालच्या त्या ‘स्नो व्हाइट’मध्ये राजकन्या जंगलात धावू लागताच आणि झाडांच्या फांद्या तिचे कपडे ओढू लागताच, सईने सवयीने पडद्यावर बोट फिरवले आणि ती थेट बुटक्यांच्या घरी पोहोचली. ८३ मिनिटांचा चित्रपट तिने अर्ध्या तासात संपवला. अंधारात लुकलुकणारे ते भयंकर डोळे हरणांचे आणि सशांचे होते, हे तिला कळलेच नाही, आणि रात्री ती घाबरली ती त्या डोळ्यांनाच.

राजपुत्राविषयीचे तुझे म्हणणे मला मान्य आहे. मेलेली समजून एका मुलीचे चुंबन घ्यावे आणि तिनेही काही न विचारता त्याच्याबरोबर निघावे, याबद्दल सईशी बोलावेच लागेल. ‘पिनोकियो’ तर मी इतक्यात काढणारच नाही. आईला हाका मारता मारता त्यातल्या एका मुलाचे गाढव होते, आणि ती मुले पुन्हा माणसे झालेली शेवटपर्यंत दिसत नाहीत. (‘स्नो व्हाइट’च्या, ग्रिम बंधूंच्या मूळ कथेत तर दुष्ट राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात. चित्रपटवाल्यांनी त्या मानाने दयाच केली.) पण म्हणून जंगलच वगळायचे का?

तुला हाच चित्रपट कॅसेटवर दाखवला, तेव्हा माझ्या पदरात तोंड खुपसून, बोटांच्या फटीतून तू सगळे पाहिलेस आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन कपाटाखाली ससे शोधत बसलीस. भीतीच्या पलीकडे काय आहे ते मुलांना दिसले पाहिजे, अर्ध्यावरून उचलून आणले तर भीती तेवढी मनात राहते, आणि हल्लीच्या आयांना... पाहा, लागले उपदेश करायला. राग मानू नकोस. नोकरी आणि सई तू ज्या हिमतीने सांभाळतेस, ते माझ्याने झाले नसते. हे मी चारचौघांत सांगते, तुला मात्र सांगायचे राहते.

तरीही ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाबांच्या तपासणीचा विषय काढला की तूही “ते नंतर बोलू” म्हणून पुढे सरकतेस. हे लिहायचे नाही असे ठरवले होते.

रविवारी सईला घेऊन ये. टॅब माझ्या हातात राहील आणि ती बाबांच्या मांडीवर बसेल. त्यांनीच तसे सांगितले आहे. तिला नको वाटले तर मध्येच थांबवू, दिवा लावू, हवे तर उरलेले पुढच्या रविवारी पाहू, पण मधले काही वगळून पुढे सरकवायचे नाही. तूही थांबणार असशील तर कळव.

तुझी,
आई