शेवटच्या कडव्यापर्यंत तरी ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत संगीताच्या अल्बमवर चार-चार ओळींचे अभिप्राय येतात. सदर हवेच आहे. पण त्यातले निम्मे अभिप्राय पहिले मिनिटभर ऐकून लिहिल्यासारखे वाटतात. 'आर्त स्वर', 'काळजाला भिडणारे संगीत' हे शब्द भजनाला लावा, जॅझला लावा, कुठेही बसतात. मग वाचकाला कळले काय?

आपल्याकडची गाणी तर शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कुणाची आहेत तेही कळत नाही. नर्सीच्या नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' भीमसेन जोशींनी गायला, चाल राम फाटकांची. त्यात 'नामा म्हणे' येते ते अगदी शेवटी. सिराज औरंगाबादींची 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क' आबिदा परवीन गातात. 'सिराज' हे नाव त्या गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात आहे. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत 'वामन' भेटतो तोही शेवटच्या कडव्यात. चौदावे शतक, अठरावे शतक, विसावे शतक. सही करायची जागा मात्र तीच. रीलसाठी तीस सेकंदांचा तुकडा कापला की सगळ्यात आधी कवी कापला जातो. गायकाने मक्ता घेतला की गाळला, एवढे जरी अभिप्रायात आले तरी लिहिणाऱ्याने पूर्ण ऐकले याची खात्री पटेल. (भीमगीतांच्या अल्बमवर या सदरात एकही अभिप्राय वाचल्याचे आठवत नाही. मराठवाड्यात निघणाऱ्या पुरवणीला हे शोभत नाही.)

जिथे सही नाही तिथे नाव छापण्याची जबाबदारी उलट वाढते. 'बाजार' (१९८२) या चित्रपटाला खय्याम यांचे संगीत. त्यातले भूपिंदर यांनी गायलेले 'करोगे याद तो' औरंगाबादच्या बशर नवाज यांचे आहे. त्याच अल्बममध्ये मीर आहेत, मख़्दूम मोहिउद्दीन आहेत. आपल्या मराठवाड्याचा शायर मीरच्या शेजारी बसलाय, आणि अभिप्रायात फक्त 'खय्याम यांची जादू'! 'जैत रे जैत'चेही तेच. हृदयनाथ मंगेशकरांचे कौतुक रास्तच आहे, पण ते शब्द पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांचे आहेत. रानातल्या माणसाने लिहिलेली ती गाणी कर्नाळ्याच्या ठाकरांच्या तोंडी घातल्यावरही उपरी वाटत नाहीत, यातच त्या अल्बमचे खरे यश आहे.

आता किशोरी आमोणकरांच्या 'सहेला रे'बद्दल. ती भूप रागातली द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश आहे. तिच्याआधी 'प्रथम सुर साधे' हा विलंबित, म्हणजे संथ लयीचा ख्याल येतो. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. उरतात सा रे ग प ध. हेच पाच स्वर देशकार रागातही आहेत. मग भूप वेगळा ठरतो कशाने? गंधारावर टेकण्याने, देशकार धैवतावर टेकतो. तो गंधार विलंबितात सावकाश उभा राहतो आणि म्हणूनच द्रुतात 'सहेला'ची हाक एवढी लागते. संकलनातून नुसते 'सहेला रे' काढून ऐकणे म्हणजे पुरणपोळीतले नुसते पुरण खाणे. गोड लागते, पण पोळी खाल्ली असे म्हणवत नाही.

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) हा अल्बम शफलवर, म्हणजे क्रम मोडून लावून 'रिलॅक्सिंग' म्हणणाऱ्यांना तर काय म्हणावे! शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांनी त्यात काश्मीरमधल्या मेंढपाळाचा दिवस मांडलाय. क्रम प्रहरांचा आहे, सुरुवात अहिर भैरव रागाची. वरचा 'तीर्थ विठ्ठल'ही अहिर भैरवातलाच. दोन्ही लागोपाठ ऐका: कोमल रिषभ तोच, पण संतूर त्याला टिचकी मारून सोडते आणि भीमसेन त्यावर रेटून उभे राहतात.

आणखी एक तांत्रिक बाब. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांचा वेग पुष्कळदा चुकलेला असतो. यंत्राचा पट्टा सैल झाला की फीत हळू चालते आणि स्वर उतरतो. उलट, मूळ मुद्रण करणारे यंत्रच हळू असेल तर पुढे चांगल्या यंत्रावर स्वर चढा लागतो. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचे (१९५९) असेच झाले. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या छापल्या गेल्या आणि चूक सुधारली ती १९९२च्या आवृत्तीत. म्हणून कोणती आवृत्ती ऐकली ते लिहावे. तपासणी सोपी आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर एका बाजूची वेळ २२ मिनिटे दिली असेल आणि फाइल २१ मिनिटे ४० सेकंदांत संपत असेल, तर वेग दीड टक्का जास्त आहे. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. तंबोरा जुळवणाऱ्याला तेवढा लगेच खटकतो. खरखर काढून 'स्वच्छ' केलेल्या आवृत्त्यांपासूनही जपून राहावे. खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंजही पुसली जाते आणि मागे गुळगुळीत गुणगुण उरते.

'सैराट' (२०१६) मात्र पुन्हा ऐकून पाहा, तोही हेडफोनवर. गाणी चारच, वीसेक मिनिटांचा ऐवज. वरातीत डीजेच्या अठरा इंची बेसखाली त्यातला व्हायोलिनचा ताफा गाडला जातो आणि लोकांना 'झिंगाट'चा ठेका तेवढा आठवतो. 'याड लागलं'मध्ये तोच ताफा आवाजाच्या मागून कसा उचल घेतो ते ऐकले, तर अजय-अतुल यांनी त्यासाठी अमेरिकेपर्यंत का धाव घेतली ते कळते.

चार ओळीच द्यायच्या असतील तर पहिल्या ओळीत गायक, कवी, संगीतकार आणि आवृत्तीचे वर्ष टाका, दुसरीत कोणत्या रचनेत कितव्या मिनिटाला काय ऐकायचे ते सांगा. उरलेल्या दोन ओळींत विशेषणांची हौस भागवा, आमची हरकत नाही.

आपला,
एक वाचक, परभणी