पुण्यातल्या कॉलेजचा अर्ज दिल्लीच्या संकेतस्थळावर

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या अंकातली करिअर पुरवणी अथपासून इतिपर्यंत वाचली. सायन्सच्या पानावर सैन्याविषयी एक चौकोन होता. त्यात एनडीएची, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, माहिती होती आणि तिथेच तो संपला. सैन्यात डॉक्टर म्हणूनही जाता येतं, एनडीएतून मात्र डॉक्टर होता येत नाही, यातलं काहीच त्यात नव्हतं. आमच्या घराला या न छापलेल्या माहितीची किंमत मोजावी लागली, म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलाने दहावीत असतानाच फाइलच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने ‘एएफएमसी’ लिहून ठेवलं होतं, म्हणजे सैन्याचं पुण्यातलं मेडिकल कॉलेज. पुण्याला माझ्या भावाकडे गेलो की वानवडीवरून जाताना तो रिक्षा थांबवायला लावायचा आणि गेटकडे बघत उभा राहायचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं क्लास, आणि पहाटे ठाण्याच्या तलावपाळीला पळणं. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत गुणही चांगले मिळाले. क्लासमधल्या समुपदेशकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पुण्यातलं कॉलेज आहे ना? मग स्टेटच्या कॅप राउंडमध्ये येईलच यादीत.” आम्हालाही ते पटलं. पुण्यातलं कॉलेज म्हणजे महाराष्ट्राच्याच यादीत असणार, असं कुणालाही वाटेल. यादीत नाव शोधायला बसलो तोपर्यंत एएफएमसीच्या नोंदणीची मुदत उलटून गेली होती. त्या रात्री त्याने खोडरबर घेऊन पुठ्ठ्यावरची ती चार अक्षरं पुसली. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. काय बोलावं ते सुचलं नाही.

खरी पद्धत अशी आहे. 1948 साली पुण्यात सुरू झालेल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचा एमबीबीएसचा प्रवेश कॅप राउंड घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडून होत नाही. नीटनंतर दिल्लीच्या एमसीसीच्या, म्हणजे देशपातळीवरचे वैद्यकीय प्रवेश पाहणाऱ्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या, संकेतस्थळावर पहिल्या फेरीच्या वेळीच एएफएमसीसाठी नोंदणी करावी लागते. गुणांवर निवडलेल्यांना पुण्याला बोलावतात. तिथे इंग्रजी आकलन आणि तर्कशक्तीची संगणकावर चाचणी होते, मग मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. ही चाचणी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जड जाते. रोज अर्धा तास इंग्रजी वाचन ठेवलं तर ती आवाक्यातली आहे, पण तिची तयारी करायची असते हेच कुणी सांगत नाही. तपासणीत वजन, डोळे, गुडघे, तळपाय, अगदी कानातला मळसुद्धा बघतात. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

शिक्षणाची फी नाही. त्याच्या बदल्यात बाँड असतो. डॉक्टर झाल्यावर सैन्यदलात सेवा करायची, मध्येच सोडायचं तर मोठी रक्कम भरायची. हा करार घरात बसून नीट बोलून घ्यावा, कारण तो अठराव्या वर्षी घेतलेला आणि पुढे अनेक वर्षं पाळायचा शब्द असतो. पण आपल्या नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे गेली आहे. ज्या आईबापांना ती झेपत नाही, त्यांना निदान हा रस्ता दिसायला तरी हवा.

मुलींबद्दल थोडं जास्त बोलते. तिथे वर्षाला साधारण दीडशे जागा, त्यांत मुलींना फक्त 30. नीटला मुली कुठेही मागे नाहीत, मग हा आकडा इतका लहान का, हे मला कळत नाही. एएफएमसीत शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या आणि 2021 मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. 2024 मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदी व्हाइस ॲडमिरल आरती सरीन आल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. जागा वाढायलाच हव्यात.

माझ्या मुलाचं म्हणाल, तर त्याने सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं. आणि मग कळलं की दुसरंही दार आहे. सैन्याबाहेरच्या कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी सैन्यात अधिकारी म्हणून नेमणूक, मिळू शकतं. मुलाखत दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये, प्रशिक्षण लखनौला, आणि सुरुवातच कॅप्टनच्या हुद्द्याने. आधी पाच वर्षं, पुढे मुदत वाढवून एकूण चौदा वर्षांपर्यंत राहता येतं. आमच्या इमारतीत लोक म्हणाले, “एवढं शिकून सैन्यात? एकुलता एक आहे ना?” मला राग आला नाही, त्यांना काळजीच वाटत होती. मलाही वाटते.

आज तो एका बटालियनचा डॉक्टर आहे, खूप उंचावर. ठिकाण लिहीत नाही. मागच्या थंडीत फोनवर सांगत होता की इंजेक्शनच्या कुप्या गोठू नयेत म्हणून तो त्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो, छातीशी. रात्री एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी भरलं. उंचीवर होणारा हा आजार अंगावर काढला तर जीव घेतो. ऑक्सिजन लावला, आणि उजाडताच त्याला खाली पाठवलं, कारण खाली उतरणं हाच त्यावरचा खरा इलाज. “आई, आठवड्याने तो स्वतः फोनवर बोलला,” एवढं सांगून गप्प झाला. मग विचारलं, तलावपाळीला अजून पहाटे पोरं पळतात का?

पळतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या फाइलवर आजही तीच चार अक्षरं असतील. म्हणून आपल्याला विनंती आहे की दरवर्षी एमसीसीची पहिल्या फेरीची नोंदणी सुरू होईल, त्या आठवड्यात ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एएफएमसीच्या नोंदणीची शेवटची तारीख ठळक छापावी. पुरवणीत नको, ती सगळे वाचत नाहीत. रोजच्या अंकात छापावी.

आपली,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)