तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

सान हुआनची तिकिटं काढून टाकली. आधी विचारलं असतं तर बाबा "एवढा खर्च कशाला" म्हणाले असते. सान हुआन पोर्तो रिकोत, आणि पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, तुमच्या व्हिसावर चालतं. न्यूअर्कहून चारेक तास. फेब्रुवारी मुद्दाम धरलाय. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, आणि जानेवारीत सान सेबास्तियानच्या जत्रेला जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते.

बाबा, गुडघ्याचं आधी बोलू. एल मोरो किल्ला, 1539 सालचा, फोटोत दिसतो तो. दारापर्यंत बिनसावलीचं लांबलचक मैदान आणि आत सहा टप्पे चढ-उतार. तो संध्याकाळी मैदानातूनच बघायचा, तिथे पतंगही उडतात. रागावू नका, आत जायचं ते सान क्रिस्तोबाल या दुसऱ्या किल्ल्यात. 1598 ला इंग्रज जमिनीकडून आले नि मोरो पडला, 1625 ला डचांनी शहर जाळलं. मग 1634 पासून पूर्वेची वाट अडवायला हा बांधत गेले. तटामागे तट, खाली भुयारं, आणि चौकाखाली पावसाच्या पाण्याची पाच टाकी! तुम्हाला मोरोपेक्षा हाच आवडेल. सकाळी उघडल्या उघडल्या शिरायचं, नंतर क्रूझवाल्यांची झुंबड होते. सिंहगडावर केलंत तसं "तुम्ही व्हा पुढे" करायचं नाही.

शहर बंदराकडून उत्तरेला चढत जातं, म्हणून हॉटेल खालच्या अंगाला घेतलंय, लिफ्टवालं. रस्त्यांवरच्या निळसर विटा पावसाच्या एका सरीने गुळगुळीत होतात. आई, कोल्हापुरी चपला घरी ठेव, रबरी तळाचे बूट घाल.

जेवणाची काळजी करू नकोस गं. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणाबरोबर कुटलेली, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे असतात. घेवड्याच्या रश्शातही हॅम पडतं. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, हॅम आणि मांसाचं पाणी वेगळं विचारावं लागतं. ते मी विचारीन. तोस्तोनेस, म्हणजे चेपून दोनदा तळलेली कच्ची केळी, तुला आवडतील. तळणीचं तेल तेच असतं म्हणून मन घेत नसेल तर खोलीत शेगडी आहे, छोटा कुकर मी आणते. चहापत्तीही. तापात मला भरवायचीस तसा मऊ भात होईल.

पासपोर्ट मूळच हवेत, झेरॉक्स नाही. परतताना विमानतळावर बॅगा शेतमालासाठी तपासतात, तेव्हा फळं तिथेच संपवा. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि बाबा, नी-कॅप आजपासून घालून बघा, तिथे जाऊन "टोचते" ऐकणार नाही.

तुमची,
ठमी