स्लॉखच्या जेम्स स्मिथसाठी, काकू, तुमचे आभार

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

सासूबाईंना त्यांच्या आजोबांचं घराणं शोधायचं होतं आणि आजोबांचं नाव जेम्स स्मिथ. झालं! स्कॉटलंडची जुनी पद्धत अशी की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, म्हणजे एका जेम्सला चार मुलगे असले की चौघांच्याही घरात एकेक जेम्स, आणि ईशान्य किनाऱ्यावरच्या बकीच्या आसपासच्या मच्छीमार गावांत आडनावं तरी किती, स्मिथ, काउई, फ्लेट, रीड, फिरून फिरून तीच.

वंशावळी शोधणाऱ्या ज्या एक्स्पर्टला आम्ही चांगले रोख पाउंड मोजले त्याने काय करावं? सासूबाई सांगतायत आजोबा 'स्लॉख'चे, तर याने नकाशात स्लॉख्ड शोधलं, ते इन्व्हरनेसच्या वाटेवरच्या खिंडीतलं, आणि तिकडचा कुठलातरी जेम्स पकडून सोनेरी बॉर्डरवाला वंशवृक्ष पाठवून दिला. अहो, अख्खं खानदान समुद्रात हेरिंग मासे पकडणारं, ते डोंगरात कशाला कडमडायला जाईल? मेल केला तर उत्तर नाही. दुसऱ्या एका बाईंनी 'पोर्टेसी नावाची पॅरिशच (म्हणजे चर्चचा विभाग) नाही' म्हणून हात झटकले. पोर्टेसीलाच तिथली माणसं स्लॉख म्हणतात आणि जुन्या नोंदी रॅथव्हेन पॅरिशमध्ये सापडतात, हे पैसे घेणाऱ्यांना कळायला नको?

बाकी कागदपत्रांची खटपट तुम्ही केलीतच, ती सांगत बसत नाही. माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. तुम्ही माझा लॅपटॉप मिटलात, खुर्ची सासूबाईंकडे वळवलीत, आपल्या मराठी हेलात "फिट लाइक?" (कसं काय?) असं डोरिकमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, विचारलंत आणि म्हणालात, आजोबांना गावात कुठल्या नावाने ओळखायचे? तोपर्यंत जो तो माझ्याशी बोलत होता, ऐंशीच्या पुढची बाई शेजारी बसलीये याचं कुणाला काही नाही. त्या पटकन म्हणाल्या, "बोसी". टी-नेम! एका नावाची इतकी माणसं की घराघराला असं टोपणनाव चिकटलेलं, मतदारयादीतसुद्धा छापायचे म्हणे. त्यांना ते लहानपणापासून ठाऊक होतं, विचारलंच नव्हतं कुणी. नंतर त्या जे बोलत सुटल्या ते चहा गार झाला तरी थांबेनात, आणि तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाहीत.

काकांच्या तेलकंपनीच्या नोकरीमुळे ॲबर्डीनला आलात, इथली बोली शिकलात, कुणाचं काही लागत नसताना त्यांचे पूर्वज शोधून देता. पैसे विचारले तर रागावलात वर. जगात सरळ माणसं कमी आहेत असं लोक म्हणतात तेव्हा हल्ली मी भांडते.

आणि हो, सासूबाईंना आता आईकडची बाजू हवीये. ते सगळे फ्लेट, फिंडॉख्टी गावचे, ज्याला त्या फिनेख्टी म्हणतात. रविवारी येतोय, बघा बाई.

तुमची,
ॲबर्डीनची सून