लंडनची मॅच बघायला ब्लॅकचं तिकीट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लंडात मुलगा-सून किंवा लेक-जावई राहतात अशी घरं आता कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत सापडतात. आई-वडील तिकडं निघाले की लंडन ब्रिज, राजवाडा यांच्या आधी प्रीमियर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या फुटबॉल विभागाची, मॅच यादीत असते. फुटबॉलवर जीव टाकणारं गाव आहे आपलं, ही हौस असणारच. पण या हौसेवर काही लोकांनी दुकान थाटलंय आणि आपली शहाणीसुरती माणसं त्यात फसताहेत, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्यानं एका सहल कंपनीकडून ‘मॅच पॅकेज’ घेतलं. दोघांचे ऐंशी हजार रुपये मोजले. हातात काय आलं, तर फोनवर तिसऱ्याच माणसाच्या नावाचं सभासद कार्ड आणि ‘कुणी विचारलं तर मित्राचं आहे म्हणा’ असा निरोप. मैदानाच्या फाटकावर फोन टेकवला तर लाल दिवा लागला. तिथल्या कर्मचाऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, हे कार्ड क्लबनं बंद केलंय. आत मॅच सुरू झाल्याचा आवाज ऐकत नवरा-बायको स्टेशनकडं परत फिरले. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

इंग्लंडात क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दोन्ही संघांचे समर्थक वेगवेगळे बसवावे लागतात, त्यामुळे कुठल्या खुर्चीवर कोण बसणार हे क्लबला ठाऊक असावं लागतं. आपल्या शाहू स्टेडियमवर ज्यानं दोन तालमींच्या फुटबॉल संघांची चुरशीची मॅच बघितलीय त्याला याचं कारण समजावून सांगायला नको. तरीही परदेशात बसून चालवलेल्या वेबसाइट तीच तिकिटं चौपट-पाचपट दरानं उघड विकतात, आणि आपल्याकडचे काही एजंट तिथूनच माल उचलतात.

सरळ रस्ता काही अवघड नाही. मोठ्या क्लबचं वर्षाचं सभासदत्व साधारण तीस-चाळीस पौंडांना मिळतं, ते भारतात बसूनही घेता येतं. सभासदाला तिकिटांच्या सोडतीत नाव घालता येतं. सोडत लागली नाही तरी मॅचच्या आधीच्या दिवसांत क्लबच्या स्वतःच्या पुनर्विक्रीकडं लक्ष ठेवायचं. अख्ख्या हंगामाचं तिकीट आधीच घेतलेल्यांपैकी ज्यांना ऐनवेळी येणं जमत नाही ते आपली जागा तिथं सोडतात आणि ती ठरलेल्या दरातच विकली जाते. एकट्या माणसाला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते, चौघांना शेजारी-शेजारी मिळणं कठीण. लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेडसारख्या मॅचचा हट्ट मात्र सोडावा. लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या मोठ्या क्लबांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतल्या मॅच पुष्कळ स्वस्त असतात, आणि मैदान तेच.

स्वस्त तिकीट तिथं कुणी दान म्हणून दिलेलं नाही, हेही आपल्या वाचकांना कळावं. २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबनं नव्या स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला सुंदरलँडविरुद्ध मॅच होती. लिव्हरपूल २-० नं पुढं होतं, आणि ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून बाहेर चालती झाली. मॅच २-२ बरोबरीत सुटली. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागं घेतली. समर्थकांच्या संघटनांनी अशीच वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, म्हणून २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकाच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आली. ती तिकिटं आपल्याला मिळत नाहीत. संघामागं गावोगाव फिरणाऱ्यांनाच क्लब ती देतो, आणि ते रास्तच आहे. आपण चाळीस हजारांना एक ब्लॅकचं तिकीट घेतो तेव्हा तिथल्या साध्या समर्थकांच्या खुर्चीची बोली वाढवत असतो. बापानं पोराला घेऊन ज्या स्टँडमध्ये जायचं, तिथं आपल्यासारख्या पर्यटकांच्या पैशामुळं त्याला जागा मिळेनाशी होते. मला ही गोष्ट फार लागते.

आणि इंग्लंडचं फुटबॉल म्हणजे सहा मोठे क्लब एवढंच नाही. प्रीमियर लीगमध्ये वीस संघ, त्याखालच्या तीन विभागांत आणखी बहात्तर. पश्चिम लंडनमधल्या शेफर्ड्स बुशला क्वीन्स पार्क रेंजर्सचं लॉफ्टस रोड मैदान आहे. लेकीनं मला तिथं नेलं होतं. तिकीट तीस पौंडांच्या आसपास, क्लबच्या वेबसाइटवरून, कसलीही सोडत नाही. मैदान घरांच्या रांगांत असं दडलंय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि आत बसायला जागा इतकी जवळ की थ्रो-इन घ्यायला आलेल्या खेळाडूच्या बुटांवरचा चिखल दिसतो, गोलकीपर बचावफळीला काय ओरडतोय ते शब्द न् शब्द ऐकू येतं. शेजारचे आजोबा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर गुंडाळून बसले होते. रेफ्रीनं पेनल्टी नाकारल्यावर ते जे उठले, ते थेट आपल्या शाहू स्टेडियमच्या पायरीवरचेच वाटले मला. टीव्हीवर दिसणारे तारे तिथं नव्हते, पण फुटबॉल बघितल्याचं समाधान पुरेपूर मिळालं.

घरात फुटबॉल खेळणारी मुलगी असेल तर लंडनच्या आर्सेनल क्लबच्या महिला संघाची लीगची मॅच बघाच. ती एमिरेट्स या मोठ्या मैदानावर होते, साधं तिकीट साधारण वीस पौंडांच्या आत मिळतं, आणि साठ हजारांचं ते मैदान महिलांच्या मॅचलाही भरल्याची उदाहरणं आहेत.

सर्वांत जास्त घोळ होतो तो तारखांचा. आपली माणसं जातात मे-जूनच्या सुट्टीत. हंगाम मेच्या अखेरीस संपतो आणि ऑगस्टमध्ये सुरू होतो. मधल्या काळात रिकाम्या मैदानाची सहल करून फोटो काढावे लागतात. दिवाळीची सुट्टी त्यासाठी चांगली, फक्त नोव्हेंबरच्या मध्यावर देशादेशांच्या सामन्यांसाठी वरच्या दोन विभागांतली लीग थांबते, तेवढं बघून जावं. शिवाय छापलेली तारीख पक्की नसते. शनिवारी दुपारी तीनची मॅच टीव्हीवाल्यांसाठी रविवारी, नाहीतर सोमवारी रात्री सरकवली जाते. लंडनहून लिव्हरपूलला जाऊन मॅच बघायची असेल तर टीव्हीवर कुठली मॅच कधी दाखवणार याची यादी येईपर्यंत रेल्वेचं आणि हॉटेलचं आरक्षण करू नये.

विश्वचषकाच्या वेळी गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात तेव्हा आपलं वृत्तपत्र त्याला पानभर जागा देतं, याचा आम्हा फुटबॉलशौकिनांना अभिमान आहे. माझी विनंती एवढीच, की प्रीमियर लीगचं वेळापत्रक दर जूनमध्ये जाहीर होतं, तेव्हा क्रीडा पानावर एक चौकट द्यावी. सभासदत्व कधी खुलं होतं, सोडतीची मुदत काय, दिवाळीच्या सुट्टीत लंडन-मँचेस्टरमध्ये कुठल्या विभागाची कुठली मॅच आहे, एवढं त्यात असलं तरी पुरे. आणि पर्यटन पुरवणीत ‘मॅच पॅकेज’ची जाहिरात घेण्याआधी, क्लबनं अधिकृत विक्रेता म्हणून दिलेलं पत्र त्या कंपनीकडं आहे का, एवढं जाहिरात विभागानं विचारून घ्यावं.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर